ध्रुवावरचे वारे आणि वडगावातला फोन

एम.फिल. सोडून द्यायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. पेठ वडगावात मी पदार्थविज्ञान शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं कोल्हापूरच्या विद्यापीठात जाऊन अभ्यास करत होते. विषय उत्तर ध्रुवावरच्या, वीस-तीस किलोमीटर उंचीवरच्या हवेचा. "आपला पाऊस सोडून हे कशाला?" असं विभागातले लोकही विचारायचे.

मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचे, त्या काकू खाली एकट्या असत. दोन म्हशी आणि एकुलता एक मुलगा. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फिटर होता, तिथून मालवाहू जहाजावर गेला. त्या हिवाळ्यात जहाज नॉर्वेच्या वरच्या टोकाकडं होतं. "उडालेलं पाणी डेकवर पडलं की लगेच गोठतंय," असं तो फोनवर बोलून गेला आणि काकूंची झोप उडाली.

"तू वाऱ्याचंच शिकतीस न्हवं? मग सांग की, त्याच्याकडं थंडी कवा येती?"

मी गोठ्याच्या दारात उभी राहून सांगू लागले. हिवाळ्यात ध्रुवाभोवती खूप उंचावर जोराचे वारे गोल फिरतात. ते नीट फिरत असले, की थंड हवा बहुतेक तिकडंच कोंडून राहते. पण कधी कधी खालून वर गेलेल्या हवेच्या मोठ्या लाटा हे चक्र विस्कटून टाकतात. वरची हवा काही दिवसांतच एकदम तापते, वारे मंदावतात, उलटेसुद्धा फिरतात. ती गडबड हळूहळू खाली उतरते. पुढचे काही आठवडे बर्फावरची हवा उघड्या समुद्रावर घुसायची शक्यता वाढते.

"म्हंजे कुंपण मोडलं की गुरं भाईर," काकू म्हणाल्या.

"होय. पण कुणाच्या रानात शिरतील, ते ठाम सांगता येत नाही."

जानेवारीत एका सकाळी कोल्हापूरच्या सायबर कॅफेत मी नकाशे उघडले आणि बघतच राहिले. ध्रुवावरची हवा तापली होती. वारे उलटले होते. परत येताना वाटभर एकच विचार: सांगावं का? उगाच जिवाला घोर लावायचा आणि पुढं काहीच घडलं नाही तर? तरी काकूंना सांगितलं.

"मला काय सांगतीस? त्याला सांग."

रविवारी दुपारी त्याचा फोन आला. "अव्वा, बरी हाईस न्हवं?" एवढं विचारून होतंय तोवर काकूंनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी चाचरत सांगितलं. तो आधी हसला.

"ताई, रोजचा अंदाज येतोय की आमच्याकडं."

"तो चार-पाच दिवसांचा. मी पुढच्या तीन-चार आठवड्यांचं बोलतेय. नक्की नाही, पण शक्यता जास्त आहे."

त्यानं तारखा पुन्हा एकदा विचारून घेतल्या. मग म्हणाला, "डेकवरच्या पाइपांत पाणी गोठू नये म्हणून घातलेली गुंडाळणी फाटलीया. करू करू म्हणून ऱ्हायलंय. हातासरशी करून टाकतो."

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. काकू फोनजवळच भाजी निवडत बसायच्या. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. तिसऱ्या रविवारी घंटी वाजली. त्याच्याकडं थंडी आली होती. समुद्रातून वाफा निघत होत्या, वारा सुटला होता. जहाज एका बेटाच्या आडोशाला थांबलं आणि सगळ्यांनी दोन दिवस लाकडी हातोड्यांनी बर्फ फोडला. "कॅप्टनला चार दिस आधी कळलंच हुतं," तो म्हणाला. "पण पाइपांचं काम तेवढ्यात झालं नसतं, ताई. एकबी फुटला न्हाय."

मी त्याच आठवड्यात पुन्हा लिहायला बसले.

पुढच्या हिवाळ्यात वारे पुन्हा विस्कटले. मी पुन्हा सांगितलं आणि त्याच्या समुद्रावर काहीच घडलं नाही. मी ओशाळून काकूंपुढं उभी राहिले.

"न्हाय आली तर बरंच की! तोंड कशाला पाडतीस?"

ते फसलेलं वर्षही मी प्रबंधात घातलं. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. "हे गाळलं असतं तर निष्कर्ष जास्त उठून दिसला असता."

"पण पुढच्या वेळी फोनवर काय सांगायचं, ते मला कळलं नसतं," मी म्हणाले.

त्यांना फोनचं काही कळलं नाही. पण त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, "पीएच.डी. कधी सुरू करताय?"