ऑपरेशनआधीचा ब्लाउज

मार्च २००८, रविवार दुपार. हजर: मी, माझी धाकटी जाऊ आणि वारूळवाडीत ब्लाउज शिवणारी ती.

पुण्याला माझं वजन कमी करायचं ऑपरेशन आठवड्यावर आलंय. डॉक्टरांनी पातळ पदार्थांवर ठेवलंय. मी तूपही त्यातच धरते. बॅग भरली, गॅस सिलिंडर आणून ठेवला. राहिला ऑपरेशननंतरचा ब्लाउज.

इतर बायकांची मापं ती गल्लीला ऐकू जातील अशी ओरडते. माझ्याभोवती मात्र टेप घेऊन प्रदक्षिणा घालते आणि आकडा ओठातच ठेवते.

"आज टेप नको," मी म्हणाले. "हिच्या मापाचा शिव. दिवाळीपर्यंत तेवढी होईन."

"आक्का, माझे दोन जोडले तरी पुरायचे न्हाईत!" जाऊ खिदळली.

शिवणारी हसली नाही. "ताई, भ्या वाटतंय व्हय?"

मी तिला सिलिंडरचं सांगू लागले. तिनं ऐकून घेतलं, कात्री बाजूला ठेवली आणि कापडाची घडी घातली.

"माणूस म्होरं नसताना मी कापड कापत न्हाई. तुमी बऱ्या होऊन या, मग माप घिऊ."

घरी येऊन यादीतल्या सगळ्या कामांवर खुणा केल्या. ब्लाउज तेवढा राहिलाय. त्यासाठी मला परत यावं लागणार आहे.