किंग्स्टनची पायपेटी

पुढचा शब्द न् शब्द खरा आहे, शपथेवर सांगतो. म्हणजे एक जागा सोडून. आमच्या इथल्या मराठी मंडळीत किस्से बर्फासारखे साचतात, वेळेवर शोव्हल केले नाहीत तर दार उघडत नाही.

किंग्स्टन ही कॅनडाची एकेकाळची राजधानी. राजधानी गेली, तोरा राहिला. इथल्या एका जुन्या घरात दर रविवारी एकोणिसाव्या शतकातलं संगीत तेव्हाच्याच कपड्यांत वाजवतात. मार्गारेट ही सत्तरीची बाई सगळं चालवते. तिथल्या पायानं भाता मारायच्या ऑर्गनवर तिचा भारी जीव. वाजवणाऱ्याचे गुडघे गेले, म्हणून मी आमच्या नागपूरच्या मेश्रामला नेलं.

"हे जुनं वाद्य येतं तुम्हाला?" मार्गारेटनं विचारलं.

"मॅडम, आम्ही याला पायपेटी म्हणतो. आमच्याकडे अजून जुनी झाली नाही."

* * *

पहिल्याच रविवारी मेश्रामनं वॉल्ट्झ झकास वाजवला आणि शेवटी सवयीनं तिहाई घेऊन समेवर आला.

मार्गारेटनं नोटेशन तपासलं. "हे कोणत्या एडिशनमध्ये आहे?"

"नागपूर."

* * *

शेपटीचा कोट घातलेल्या मेश्रामला एका टूरिस्टनं विचारलं, "त्या काळी इथे इंडियन होते?"

"मी तेव्हाच निघालो होतो," मेश्राम म्हणाला. "व्हिसाला वेळ लागला."

* * *

माझं काम पान उलटायचं. मला नोटेशन वाचता येत नाही, म्हणून ठरलं होतं: मेश्राम खोकला की पान उलटायचं. एका रविवारी त्याला खरीच सर्दी झाली.

"इतक्या घाईत प्रेत नेताना मी पाहिलं नव्हतं," फ्युनरल मार्च संपल्यावर मार्गारेट म्हणाली.

मेश्राम माझ्याकडे बघून म्हणाला, "बावा, शिंकलो असतो तं काय केलं असतं?"

* * *

मग कमिटीनं ठरवलं की ऐकायला सहा माणसं येतात, तर हॉलमध्ये गिफ्ट शॉप करू, ऑर्गन बेसमेंटमध्ये ठेवू. मार्गारेट एवढंच म्हणाली, "खाली ओल आहे. एका विंटरमध्ये भाता कुजेल."

शेवटच्या कॉन्सर्टला मेश्रामनं अख्खं मराठी किंग्स्टन बोलावलं. कॉलेजची पोरं, कुटुंबं, आजी-आजोबा. पहिलं गाणं संपलं आणि मागून आरोळी आली, "वन्स मोअर!"

मार्गारेट घाबरली. "काही चुकलं का?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे आवडलं की पुन्हा म्हणायला लावतात."

गाणारी बाई लाजत लाजत तेच गाणं तीनदा गायली. माझी मुलगी विचारत होती, "बाबा, आर वी स्टक?"

* * *

शेवटी कमिटीचे चेअरमन कागद घेऊन उभे राहिले. "खेदानं सांगतो, आजपासून हा ऑर्गन बेसमेंटमध्ये जाईल."

लगेच मेश्रामवहिनींचा खणखणीत आवाज: "वन्स मोअर!"

टाळ्या पडल्या. चेअरमनना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा वाचलं, सावकाश.

"वन्स मोअर!"

तिसऱ्यांदा ते "खेदानं" पर्यंत आले. समोर मार्गारेट ऑर्गनवर हात ठेवून उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि खाली बसले.

ऑर्गन अजून हॉलमध्येच आहे.

आता ती एक जागा. मेश्रामवहिनी त्या रविवारी हॉस्पिटलात ड्युटीवर होत्या, आल्याच नव्हत्या. तो आवाज मार्गारेटचा होता.