खालचा सिलिंडर

नदीकाठच्या शेडमध्ये बोटींच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे मोटरवाली म्हणत. काम तिला नवऱ्यानं शिकवलेलं. तो वारला आणि महिना उलटायच्या आत धाकट्या दिरानं त्याची बोट मोटरसकट, दोर सोडून नेली. "बाईमाणूस तुम्ही, वहिनी. बोट काय उशाशी घेऊन झोपणार?" असं तो चार माणसांत म्हणाला.  ते शब्द तिनं मनात जपून ठेवले.

दीर त्या बोटीतून उतारू पलीकडे पोचवायचा. काही वर्षांनी मोटरनं दम सोडला. इतर मिस्त्र्यांनी कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलले. ढिम्म फरक नाही. शेवटी नाक मुठीत धरून तो शेडमध्ये आला.

"दादाची मोटर आहे, वहिनी. बघा ना जरा."

आज बरा दादा आठवला, असं तिच्या मनात आलं.

तिनं दोन्ही प्लग काढले. वरच्या सिलिंडरला दाब मोजायचं मीटर लावून दोरी खेचली. काटा सरसर चढला. खालच्याला लावलं, तर काटा अर्ध्यावरच थांबला. तिनं त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा दोरी खेचली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलनं फट बुजून काटा चढला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे रिंगा ठीक होत्या. सिलिंडरच्या झाकणाखालचं, म्हणजे हेडखालचं, पातळ गॅस्केट जळून दाब तिथून निसटत होता. किरकोळ काम.

तिनं हात पुसले. "खालचा सिलिंडर मेला, भावजी. आता हिच्यात जीव नाही."

"काहीच नाही होणार?"

"विश्वास नसेल तर उचला."

त्यानं मोटरला लाथ घातली. "मरू दे. टाका भंगारात."

खोटं बोलल्याची जी काही चुळबुळ तिच्या मनात होती, ती त्या लाथेसरशी संपली.

तो गेल्यावर तिनं हेड उतरवलं. गॅस्केट एका कडेला जळून फाटलं होतं. काचेवर पॉलिश पेपर अंथरून तिनं हेड सपाट घासलं, नवं गॅस्केट टाकलं, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं आवळले. दोन्हीकडे काटा सारखा चढला, तेव्हा ती एकटीच खदखदून हसली.

आपल्या भावाची पडून असलेली होडी मागून आणून तिनं ती मोटर तिला लावली आणि थेट दिराच्या धक्क्यावरूनच उतारू घ्यायला लागली. वल्ही मारून घामाघूम झालेला दीर आवाजावरून मोटर ओळखून ओरडला, "वहिनी, ही तर मेली होती!"

"तुमच्यापुरती मेली होती," ती उतारूंसमक्ष म्हणाली.

मग एकदा जाऊ रडत आली. "ताई, राग सोडा आता." तिनं जावेला चहा दिला, मुलांची चौकशी केली. राग सोडला नाही.

दिरानं बोट विकून बाजारात हमाली धरली. पलीकडे जायचं असलं की तो लांबच्या पुलावरून वळसा घालतो, पण तिच्या होडीत पाऊल टाकत नाही. काठानं चालताना तो दिसला, की ती मोटर मुद्दाम हळू करते आणि त्याला डोळे भरून पाहून घेते.