फळा, घड्याळ आणि पृथ्वीचा गोल

चार जुने मास्तर एका ओटीवर बसले की किस्से निघायला वेळ लागत नाही. कल्याणच्या शाळेत मी आणि आंबिवलीचा गणपत उमेदवार मास्तर होतो, तेव्हाच्या आमच्या फजितीचे तर ढीगभर आहेत. दुसऱ्या कोणी तिखटमीठ लावण्यापेक्षा मीच सांगून टाकतो.

*

शाळेत पहिला काळा फळा आला. आम्ही दोघं धूळपाटीवर शिकलेलो. पाटीवर धूळ पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं. मी फळा जमिनीवर आडवा ठेवला, अंगणातली मऊ धूळ पसरली आणि बोटाने ‘ग’ गिरवला. हेडमास्तर दारात!

"अहो, मग खडू कशाला दिलाय?"

"जपून ठेवलाय, गुरुजी. उगाच झिजायचा!"

*

मग भिंतीवर घड्याळ आलं. मी रोज बाहेर जाऊन पायरीवरची सावली बघायचो आणि त्याप्रमाणे काटे सरकवायचो.

"अहो, यंत्र आहे ते, विश्वास ठेवा!" हेडमास्तर कळवळले.

मी म्हटलं, "नवीन आहे गुरुजी, शिकेल हळूहळू!"

*

मणी सरकवून बेरीज शिकवायची चौकट आली. गणपत आधी गुपचूप बोटांवर उत्तर काढायचा, मग मणी सरकवायचा, आणि पोरांना सांगायचा, "बघा, यंत्राचंही बरोबर आलं!"

*

पृथ्वीचा गोल आला, तेव्हा आम्ही त्यावर कल्याण शोधत बसलो.

"अरे, एवढंसं इंग्लंड आहे, आणि आपलं कल्याण नाही?" गणपत चिडला.

आम्ही रीतसर अर्ज केला: गोल अपुरा आहे, बदलून मिळावा. खाली दोघांच्या सह्या! हेडमास्तरांनी टाक बुडवून गोलावर एक ठिपका दिला. "घ्या, आलं कल्याण." ठिपका एवढा मोठा पडला की ठाणंही त्यातच गेलं.

*

शेवटी शाळा तपासणारे दिपोटी साहेब माझा पाठ बघायला आले. पास झालो तर पक्की नोकरी, नाहीतर घरी मिठागरावर थोरल्या भावाच्या हाताखाली. भीतीने मी अर्धा झालो होतो. समईला सूर्य केलं, तिच्यासमोर गोल फिरवला, दिवस-रात्र दाखवली. पोरांनी धडाधड उत्तरं दिली.

साहेबांनी पोरांना बाहेर पाठवलं.

"मास्तर, खरं सांगा. पृथ्वी फिरते, हे तुम्ही स्वतः मानता?"

खोटं बोलायला जीभ वळेना. नोकरी गेलीच असं धरून मी म्हणालो, "साहेब, शाळेच्या वेळात मानतो."

साहेबांनी दाराकडे बघितलं. बाहेर कोणी नव्हतं.

"मीपण," ते हळूच म्हणाले, आणि माझ्या कागदावर ‘पास’ लिहिलं.