गिटारीला हळद लागली

चाळिशी ओलांडल्यावर मी गिटार घेतली. शाळेत शिकवायचं, घरी येऊन नवऱ्याच्या मळ्यातल्या मेथीच्या जुड्या बांधायच्या, त्यात हे खूळ कुठून आलं, असं आमच्या अकोल्याकडच्या अख्ख्या मालेगावने विचारून घेतलं. मोबाइलवर बघून मी मोजकी गाणी बसवली. पण वाजवण्यापेक्षा जास्त वेळ मी तिला पुसायची. मधाच्या रंगाची, तोंड दिसेल इतकी चकचकीत. वाजवण्याआधी हात धुवायचे, अंगठी काढायची, बांगड्या काढायच्या, मंगळसूत्र पाठीवर टाकायचं. एवढं होईस्तोवर कुकर शिट्टी द्यायचा आणि गिटार परत पिशवीत.

"वाजवाले आनली का पुजाले?" सासूबाई विचारायच्या.

ऐन मे महिन्यात चुलत दिराचं लग्न निघालं, शिरपूरला. बंद घरात उन्हाने गिटारीचे जोड सुटतात, असं मी कुठंतरी ऐकलेलं. म्हणून तिलाही लग्नाला नेलं. एसटीत सावलीच्या बाजूला, खिडकीपाशी तिला बसवलं. शेजारी मी. नवरा उभा.

"ताई, याचं तिकीट?" कंडक्टरने विचारलं. मी तिला मांडीवर घेतलं आणि नवऱ्याला जागा मिळाली.

हळदीच्या दिवशी डीजेवाल्याची गाडी वाटेतच बंद पडली. मांडवात बाया नुसत्याच बसलेल्या. तेवढ्यात सासूबाईंनी जाहीर केलं, "माही सून वाजवते. घरून पेटीसारखं आनलं हाये तिनं."

मी त्यांच्या कानाशी गेले. "आई, सगळ्याइचे हात हळदीचे हायेत."

"मंग? तुह्याच हातात राहीन ना थे."

घरातून गिटार आणावीच लागली. कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेला, आणि भर हळदीत सगळ्या बायांसमोर बांगड्या कशा काढायच्या? तशीच बसले. हळदीची गाणी मला येत नव्हती, पण बाया गायला लागल्या तसं कळलं की दोनच सुरावटींत सगळं बसतंय. मग लय चढली. टाळ्या वाढल्या. नवरदेवाची आत्या नाचत नाचत आली आणि पाची बोटं गिटारीच्या गालावर उमटवून गेली. "नव्या चीजेले हळद लागाले पायजे व!"

मला ती तिथल्या तिथं पुसायची होती. पण मी थांबले असते तर बाया थांबल्या असत्या. आणि खरं सांगायचं तर मलाच थांबायचं नव्हतं. इतक्या लोकांत मी कधी वाजवलंच नव्हतं.

गाणी संपल्यावर गिटार उजेडात धरली. बांगड्यांनी तिच्या तोंडावर चंद्रकोरीसारखे ओरखडेच ओरखडे काढले होते. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. नवरा शोधत आला.

"काहून रडून राह्यली?"

मी गिटार दाखवली. त्याने ती हातात घेतली, आजारी वासरू तपासावं तशी उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "तू तोंड धू. मी पाह्यतो."

तोंड धुऊन आले तर हा गडी भांड्याची पावडर आणि नारळाची शेंडी घेऊन तिला घासत बसलेला. हळद होती तिथंच होती. चकाकी मात्र तळहाताएवढी गेली होती.

माझा चेहरा बघून तो म्हणाला, "हळद पक्की हाये."

मला हसू फुटलं ते थांबेना. तोही हसला, जरा जपूनच.

लग्नानंतर गिटार घेऊन अकोल्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, नवं पॉलिश मारून देतो, पण बरेच दिवस ठेवून जावी लागेल. मी बाकावर बसून विचार केला. शाळेला सुट्टी, लांबच लांब दुपारी, आणि घरात ती नाही. पिशवीची चेन लावली आणि घरी परत घेऊन आले.

तो घासलेला डाग अजून डोळ्यांत खुपतो, नाही कशाला म्हणू? पण आता मेथीचे हात पदराला पुसते आणि वाजवायला बसते. बिचारीला हिरवट वास लागलाय.

परवा कारंज्याहून सासूबाईंच्या भाचीचा फोन आला. तिच्या लेकीची हळद आहे. मी शाळेतून यायच्या आत सासूबाईंनी होकार देऊन टाकला होता, वर बजावलंही होतं, "डीजे सांगू नोको. आमी येतो."