आतली कडी

गर्द सोडलेल्या माणसाचं घर ओळखायचं असेल तर बाथरूमचं दार बघावं. त्याला आतून कडी नसते. निदान त्या वस्तीत तरी नसायची, कारण ही पद्धत सुताराने पाडली होती. तो स्वतः एके काळी घरातली भांडीकुंडी विकून पावडर ओढलेला माणूस, त्यामुळे बंद दारामागे काय चालतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. व्यसनमुक्ती केंद्रातून कोणी सुटून घरी आला की हा पेचकस घेऊन हजर. कडी काढायची, घरातल्या बाईच्या हातात द्यायची आणि बजावायचं, "परत लावायची तर तुम्ही मला सांगा. तो सांगेल तेव्हा बहिरं व्हायचं." पैसे घ्यायचा नाही. चहा मात्र मागून प्यायचा.

वकील त्याचा जिवलग. कोर्टाची पायरी कधी चढला नव्हता, टायरच्या दुकानात पंक्चर काढायचा. पण केंद्रातल्या खडूस स्वयंपाक्याला बोलण्यात गुंडाळून दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा, म्हणून वकील. दोघांच्या खाटा शेजारी होत्या. अंग तुटत असायचं त्या दिवसांत दोघांनी एकमेकांची ओकारी पुसली होती. सख्खे भाऊ एवढं करत नाहीत, आणि केलंच तर वाटणीच्या वेळी ऐकवतात.

वकील याआधी दोनदा सुटून दोनदा घसरला होता. या खेपेला मात्र वर्ष उलटलं. कडी नसलेल्या बाथरूममध्ये तो मोठ्याने गाणी म्हणत आंघोळ करायचा, आत कोणी आहे हे कळावं म्हणून. आवाज असा की शेजारी म्हणायचे, याच्यापेक्षा नशा परवडली.

एके दिवशी दुपारी तो सुताराच्या दुकानात आला आणि नवीकोरी कडी रंध्याशेजारी ठेवली.

"लावून दे."

"वहिनींना सांगू दे, मग लावतो."

"मुलगी मोठी झालीय रे माझी. तिने आंघोळीला जायचं म्हणजे आईने दाराशी पहारा द्यायचा. परवा तिची मैत्रीण आली, बाथरूमला गेली नि तशीच परत आली. पोरीने विचारलं, बाबा, आपलंच दार असं का? काय सांगू तिला?" वकिलाचे डोळे भरले. "तू तरी मला माणूस समज."

आता यात खोटं काय होतं? शब्द न् शब्द खरा होता. खोटं बोलला असता तर सुताराने तिथल्या तिथे पकडलं असतं, त्या विद्येत दोघेही एकाच गुरूचे चेले. पण खऱ्यापुढे तो विरघळला. वहिनी कामावर होत्या. त्याने जाऊन कडी लावली, आणि हौशी कारागीर तो, लांब स्क्रू घालून अशी बसवली की हत्तीने धडक मारली तरी हलू नये. स्वतःचं काम बघून खूशही झाला गाढव.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे आत गेलेत. गाणं ऐकू येत नाहीये."

सुतार धावला. खांद्याने दार हलेना. पहारीने चौकट फोडेपर्यंत जो वेळ गेला तो त्याच्याच कारागिरीने खाल्ला होता. वकील भिंतीला टेकून बसलेला, ओठ निळे, सुई दंडात तशीच. डॉक्टर नंतर म्हणाले, वर्षभरात शरीराची सवय मोडली होती आणि त्याने माप मात्र जुनंच घेतलं. वहिनी छाती बडवत अँब्युलन्सला फोन लावत होत्या. सुताराला साबणदाणीत उरलेली पुडी दिसली. मुलीच्या नजरेस पडू नये म्हणून आपण ती उचलली, असं त्याने स्वतःला सांगितलं. पाण्यात सोडायला नळ हाताशी होता. पुडी त्याच्या खिशात गेली.

मित्राला स्मशानात पोचवून आल्यावर त्याने ती ओढली. मग दुसरी आणली. तोही मेला असता तर लोक हळहळले तरी असते. पण मरायलाही नशीब लागतं.

आठवड्याने वहिनींनी बोलावलं. "दार नीट करून द्या. पडदा लावून किती दिवस काढायचे?"

तो गेला. फुटलेली चौकट काढली, नवी बसवली, दार उभं केलं. वहिनी बाजूला उभ्या राहून त्याचं नाक खाजवणं बघत होत्या. मग त्यांनी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. टाचणीच्या डोक्याएवढ्या बाहुल्या. या बाईने असे डोळे जन्मभर बघितले होते.

"कुठून आणलीत?"

तोंड सोडवून घेत सुतार पेचकस शोधू लागला.

"यांचीच उचललीत ना?"

त्याने मान डोलावली. वहिनींनी त्याच्या कानाखाली वाजवली. मग रडल्या, मग पदराने तोंड पुसलं.

"माझ्या बाबांना सांगू नका," तो म्हणाला. "म्हातारे आहेत. धसका घेतील."

"मीही सासूला असंच सांभाळलं. कोणाला काही सांगितलं नाही. बघा काय मिळालं." त्यांनी नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात कोंबला. "बोला. नाहीतर मी बोलते, आणि कडी कोणी लावली तेही सांगते."

तिकडून बापाचा आवाज आला, "कोण?"

वकिलाच्या मुलीला ऐकू जाऊ नये असं सुताराला वाटत होतं, पण ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होतीच.

"बाबा, मी वकिलाच्या घरी आहे. मी परत घेतली. मला केंद्रात पोचवा. एकटा निघालो तर वाटेत दुसरीकडेच जाईन."

पलीकडे पायांत चपला सरकवल्याचा आवाज आला.

"तिथेच बस," बाप म्हणाला.

म्हातारा आला. तोही सुतारच, यानेच पोराच्या हातात पहिली पटाशी दिलेली. पोराला त्याने जवळ घेतलं नाही, शिवीही दिली नाही. आधी त्याने दार लोटून बघितलं. ते खाली फरशीला घासलं आणि अर्ध्यात अडकलं.

"हे असं ठेवून जाणार होतास? या पोरीने हे रोज ओढायचं?" त्याने बाही वर केली आणि दाराचं वजन स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "काढ बिजागऱ्या. परत बसव. मग जाऊ."

सुताराने पेचकस लावला. पहिला स्क्रू तीनदा निसटला. बाप दार धरून उभा राहिला.