उजव्या कोपऱ्यातून

कसबा पेठेतल्या त्या म्हाताऱ्या पेंटरचं नाव मी कधी विचारलं नाही. जुन्या सिनेमांची पोस्टरं ते हुबेहूब रंगवून देतात. त्या पोस्टरांवर सिनेमाचं नाव देवनागरी, इंग्रजी आणि उर्दूत असायचं. पेंटर उर्दू नाव आधी लिहितात, उजवीकडून, श्वास रोखून.

परवा हिंजवडीचा एक कॅफेवाला जुनं गाणं गुणगुणतच पोस्टर न्यायला आला. "काका, तेवढं उर्दू पुसा ना. उगाच कस्टमर बोलतात."

"पुसतो की," पेंटर म्हणाले. "आधी आपण गुणगुणत आलात ते गाणं पुसा. तेही उर्दूच आहे."

कॅफेवाला पोस्टर न घेताच गेला. पेंटरनी नवा कागद ताणून बसवला आणि उजव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. या वेळी उर्दू अक्षरं दुप्पट मोठी काढली.